जहाजाच्या वेळेवर चालणारी मर्ल

लिंबांची खाडी मागे पडली तेव्हा नोलीनच्या उजव्या टाचेला फोड आला होता, आणि टाचेला फोड येऊ नये म्हणून काय करावं ते मर्ल तिला सांगत होती.

"दोन पायमोजे घालायचे. आतून पातळ, वरून जाड. निघताना सांगितलं होतं मी."

"नव्हतं सांगितलंस."

"मग तुझं लक्ष नसेल. नव्या माणसांचं लक्षच नसतं."

नोलीन लंगडत पुढे चालली. चार दिवसांत तिला गप्प बसायची चांगली सवय झाली होती. मर्ल तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नवरा मागच्या वर्षी गेला. तेव्हापासून मर्ल म्हणत होती, "नोल, घरात बसून कुजू नकोस, माझ्याबरोबर जहाजावर चल." नोलीनला बरं वाटलं होतं. नणंदेला आपली आठवण आली, म्हणून तिने रविवारी चर्चमध्ये देवाचे आभारसुद्धा मानले होते. केबिनमध्ये एकटं माणूस राहिलं तरी भाडं दोघांचं द्यावं लागतं, हे तिला जहाज सिडनीहून सुटल्यावर शेजारच्या टेबलावर कळलं.

तर त्या दोघी नुमेआच्या, म्हणजे पॅसिफिकमधल्या एका फ्रेंच बेटावरच्या गावाच्या, समुद्रकाठच्या रस्त्याने बंदराकडे परत चालल्या होत्या. सकाळी जहाजाने बस ठेवली होती. पण बस म्हणजे मर्लच्या भाषेत मेंढरांची गाडी. "जहाजाची सहल घ्यायची ती पहिल्या खेपेच्या माणसांनी. जाणता माणूस पायी जातो." म्हणून जाणती मर्ल आणि तिच्यामागे नोलीन अशा पार टोकाच्या किनाऱ्यापर्यंत पायी गेल्या होत्या. तिथे मर्लने पाण्याकडे पाठ करून सावलीचा बाक पकडला आणि मागच्या खेपेला त्या बाकावर कोण बसलं होतं ते सांगितलं. नोलीन पाण्यात घोट्यापर्यंत उतरली. देवाने एका किनाऱ्यावर इतका निळा रंग ओतावा, आणि आपण तो न बघता निघून जावं, हे तिच्याने होईना. मर्लने तिला दहा मिनिटांत हाक मारली. ओल्या पायांनी बूट घातले, त्याचा हा फोड.

साडेचारच्या आत जहाजावर परतायचं होतं. पाचला जहाज सुटणार.

"भरपूर वेळ आहे," मर्ल मनगट वर करून म्हणाली. "पावणेतीन. आरामात चालायचं. घाई करतो तो पडतो."

त्याच वेळी नोलीनला रस्त्यापलीकडे औषधाच्या दुकानावरचा हिरवा दिव्यांचा क्रूस दिसला. त्या देशात प्रत्येक औषधाच्या दुकानावर तसा क्रूस लुकलुकत असतो, आणि त्यात आलटून पालटून तापमान आणि वेळ दिसते. वेळ होती पावणेचार.

"मर्ल, ते बघ."

मर्लने बघितलं, आणि शाळेच्या उपाहारगृहात कामाला असताना पोरांनी सुटे पैसे कमी दिल्यावर जसं हसायची तसं हसली.

"ती जमिनीची वेळ, नोल. फ्रेंचांची. आपण चालतो जहाजाच्या वेळेवर. अगं, इथेच तर नवखे फसतात! फोन बघतात, दुकानातली घड्याळं बघतात. म्हणून सांगते, एक साधं काट्याचं घड्याळ घ्यायचं, सिडनीला लावायचं आणि घरी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे लिहून ठेव. उद्या मी हेच सगळ्यांना सांगणार आहे."

उद्या! चार दिवस नोलीन त्या उद्याबद्दल ऐकत होती. उद्या सकाळी जहाजाच्या मोठ्या दालनात, जिथे रात्री नाचगाणं होतं तिथे, मर्ल हॉस्किंग हातात माइक घेऊन नव्या प्रवाशांना चार युक्तीच्या गोष्टी सांगणार होती. जहाजावरची करमणूक सांभाळणाऱ्या पोरीने या खेपेला पहिल्यांदाच तिला विचारलं होतं. इतकी वर्षं ते काम ग्लेनिस नावाच्या दुसऱ्या एका जुन्या प्रवासी बाईकडे असायचं. ग्लेनिस अजून जहाजावर होतीच, आणि उद्या ती पहिल्या रांगेत बसणार होती. मर्लने त्यासाठी कोरल रंगाचा ब्लाउज आणला होता आणि तो रोज रात्री कपाटातून काढून बघायची. जन्मात तिला कुणी माइक दिला नव्हता.

खोटं कशाला बोला, जन्मात तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. न्यूकॅसलच्या एका शाळेत तिने उभी हयात सँडविच बांधली. नवरा क्लाइव्ह पोलादाच्या कारखान्यात. घरी आला की शर्यतीच्या कुत्र्यांशी बोलायचा, आणि कुत्री झोपली की गप्प. मग एका शुक्रवारी बोलिंग क्लबच्या सोडतीत मर्लला नेहमीच्या मटणाच्या टोपलीच्या बक्षिसाऐवजी जहाजाचं तिकीट लागलं. क्लाइव्ह पहिल्या संध्याकाळपासून केबिनमध्ये बादली धरून पडला. मर्ल एकटी जेवायला गेली. टेबलावर एक तरुण जोडपं होतं. त्यांनी विचारलं, "पोट ढवळतंय हो, काय करावं?" मर्ल म्हणाली, "हिरवं सफरचंद खा." कुठे वाचलं होतं देव जाणे. त्यांना उतार पडला. दुसऱ्या दिवशी ते दोघं आणखी चौघांना घेऊन आले.

बस्स. तिथून मर्ल जमिनीवरून उठली ती उठलीच. क्लाइव्ह गेल्यावर तर वर्षातून चार चार फेऱ्या. पर्थच्या नातीचा बाप्तिस्मा होता त्या आठवड्यातही ही समुद्रावर होती, कारण त्या फेरीनंतर फेऱ्यांचा आकडा भरून गळ्यातला पट्टा चांदीचा जाऊन सोन्याचा होणार होता. सोन्याचा म्हणजे पिवळ्या कापडाचा. त्यात जहाजाचं कार्ड अडकवून फिरायचं. मर्ल तो न्हाणीघरातसुद्धा खुंटीला समोर दिसेल असा लावायची. पोर देवाच्या घरी पाण्याने पावन होत होतं, आणि आजी पट्ट्याने.

आणि त्या युक्तीच्या गोष्टी! नोलीनला त्या आता झोपेतही ऐकू यायच्या. केबिन घ्यायची ती मधली आणि खालची, हेलकावा कमी. केबिनच्या भिंती पोलादाच्या, म्हणून घरून चुंबक न्यायचे आणि टोप्या त्यांना टांगायच्या. बॅगा संध्याकाळपर्यंत येत नाहीत, म्हणून औषधं आणि पोहण्याचे कपडे हातात ठेवायचे. इथवर ठीक. यात वाईट काही नाही, कुणाच्या उपयोगी पडेल. पण मग बाहेरची दारू जहाजावर नेऊ देत नाहीत, म्हणून गुळण्यांच्या औषधाच्या बाटलीत जिन भरून त्यात हिरवा रंग टाकायचा. न्याहारीच्या आधी उठून पोहण्याच्या तलावाकाठच्या दोन खुर्च्यांवर टॉवेल आणि चपला टाकून यायचं, आणि दुपारपर्यंत तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. केबिन झाडणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी बक्षिसी द्यायची, शेवटच्या दिवशी नाही. का, तर शेवटी दिलेले पैसे वाया जातात! त्या पोराचं नाव मर्लला ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांना "डार्लिंग" म्हणायची.

नोलीनने नाव विचारलं होतं. पण तिला कोण माइक देणार?

हिरव्या क्रूसाच्या पुढे त्या बऱ्याच चालल्या. उजव्या हाताला टेकडी, डाव्या हाताला होड्यांची शिडं. नोलीन लंगडत होती आणि रस्ता बघत होती. सकाळी याच रस्त्यावर जहाजाची माणसं मुंग्यांसारखी होती, गळ्यात पट्टे, पाठीवर लाल पिशव्या. आता एकही पट्टा दिसेना.

"मर्ल, आपल्या जहाजाचं कुणीच कसं नाही गं?"

"मग! हेच तर कसब आहे. गर्दी पाठीमागे टाकायची."

"पाठीमागे पण कुणी नाही."

मर्लने वळून पाहिलं नाही. वळून बघणं नवख्यांचं काम.

आता नोलीनला कालचं जेवण आठवलं, आणि फोडापेक्षा ते जास्त टोचायला लागलं. जेवताना कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सांगितलं होतं, आज रात्री घड्याळं एक तास पुढे करा. नोलीनने लगेच तिथेच केलं. तिच्या नवऱ्याने दिलेलं घड्याळ होतं, काटा फिरवताना ती जपून फिरवायची. मर्लने टेबलावरून हात लांबवून तिचं मनगट ओढलं आणि स्वतःच्या हाताने काटा परत मागे आणला. "ते फिजीच्या फेरीला असतं. नुमेआला जहाज सिडनीच्याच वेळेवर राहतं. हा कप्तान दाढी करायला लागायच्या आधीपासून येतेय मी इथे." टेबलावरचे सगळे हसले. नोलीनही हसली. परक्या ताटावर बसून वाद कशाला.

मग आज सकाळी न्याहारीला गेल्या तर पोरं शेवटची भांडी उचलत होती. दोन वाळके पाव आणि एक वाटी दही उरलं होतं. "सेवा घसरली हो या जहाजाची," मर्ल मोठ्याने म्हणाली होती. "मी लिहून कळवणार आहे."

"मर्ल," नोलीन थांबून म्हणाली, "न्याहारी उशिरा नव्हती. आपण उशिरा गेलो."

"चालत राहा."

"काल कप्तानाने सांगितलं होतं."

"कप्तान सांगतो, नोल. कप्तान रोजच काहीतरी सांगतो. त्याला पगार मिळतो त्याचा."

"फोन असता तर बघितलं असतं."

"फोन परदेशात उघडला की लुटतात. म्हणून तर केबिनच्या तिजोरीत ठेवायला लावला."

बसच्या थांब्यावर एक बाई बसली होती. इथल्या बायका घालतात तसा गळ्यापासून पोटरीपर्यंत मोठ्या फुलांचा सैल झगा, मांडीवर पपयांची टोपली. नोलीन सरळ तिच्यापाशी गेली आणि मनगटावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. बाईने स्वतःचं घड्याळ पुढे केलं. चार वाजून गेले होते. मग तिने नोलीनच्या गळ्यातला पट्टा बघितला, बंदराच्या दिशेने बघितलं, आणि जीभ टाळ्याला लावून चक्‌ चक्‌ केलं. भाषा येत नसली तरी ते दोघींनाही कळलं.

मर्ल उभी राहिली. तिचं तोंड उघडलं, पण त्यातून युक्ती काही निघेना. नोलीनने तिला कधी अशी पाहिली नव्हती. एक क्षण तिला दया आली. देवा, हिला काही सुचव, असं ती मनातल्या मनात म्हणालीसुद्धा. पण सुचलं ते असं:

"हिचं घड्याळही जमिनीचंच."

"मर्ल! आपण जमिनीवरच उभ्या आहोत!"

"ओरडू नकोस, लोक बघतात." मर्लने पट्टा ब्लाउजच्या आत सरकवला. मग हळूच म्हणाली, "ग्लेनिस कठड्यापाशी असेल."

जहाज चुकेल, पासपोर्ट केबिनमध्ये आहे, परक्या बेटावर दोघी म्हाताऱ्या रात्री कुठे जाणार, यातलं तिला काही दिसलं नाही. दिसली ती ग्लेनिस.

आणि खरं म्हणजे तिला दिसणारच होती. जहाज सुटायच्या आधी सातव्या मजल्याच्या कठड्याशी जुने प्रवासी पेले घेऊन जमतात. उशीर झालेले प्रवासी धक्क्यावरून धावत येतात, कुणाच्या हातात चपला, कुणाची टोपी उडालेली. वरचे टाळ्या पिटतात, शिट्ट्या मारतात. ही त्यांची संध्याकाळची आरती. त्यात मर्लची जागा ठरलेली, कठड्याच्या कोपऱ्यात, जिथून धक्क्याचं फाटक सरळ दिसतं. एकदा एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन पळत होता, बायको मागे पडलेली. मर्ल वरून ओरडली, "लेकरू टाक, बायकोला उचल!" त्या हशाने जहाज हललं म्हणे. ही गोष्ट नोलीनने चार दिवसांत निदान रोज एकदा ऐकली होती. बायको रडत होती की नाही, हे त्या गोष्टीत नव्हतं.

बस आली. मर्लने आधी चढून ऑस्ट्रेलियाची नोट पुढे केली. नोटा बदलून घ्यायच्या नाहीत, आपला डॉलर पॅसिफिकभर चालतो, ही आणखी एक युक्ती. ड्रायव्हरने नोटेकडे बघितलं, मर्लकडे बघितलं आणि मान हलवली.

"डॉलर!" मर्ल जोरात म्हणाली. जोरात म्हटलं की फ्रेंच माणसाला कळतं अशी तिची समजूत होती. "चांगला आहे! घे!"

ड्रायव्हरने दाराकडे हात केला. तेवढ्यात पपयांची टोपली मर्लच्या पाठीला लागली. झग्यातल्या बाईने मागून हात घालून तिघींचे पैसे ठेवले आणि दोघींना आत ढकललं. नोलीनने तिचे दोन्ही हात धरले, तिला दुसरं काही देता येईना. "देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. बाईला शब्द कळले नसतील. ती हसली आणि टोपली सावरून बसली.

"बघ, किती साधी असतात ही माणसं," मर्ल खिडकीपाशी बसत म्हणाली. नोट तिने पाकिटात जपून ठेवली.

"तू तिला थँक्यू म्हटलं नाहीस."

"तू म्हटलंस ना. एकीने म्हटलं की झालं."

बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. शाळा सुटली होती, दप्तरं घेऊन पोरं चढत होती, उतरत होती. मर्ल घड्याळाकडे बघत होती, तेच ते सिडनीचं, जे अजून तिला साडेतीनही वाजले नाहीत असं सांगत होतं. तिने काटा पुढे केला नाही. नोलीनने मात्र आपला केला, एक पूर्ण फेरी, जपून.

"नोल," मर्ल म्हणाली, "उद्या समज मला माइक दिला नाही…"

"का नाही देणार?"

"धक्क्यावर धावत आलेल्या बाईकडून कोण ऐकेल, घड्याळ कसं लावावं?"

पहिल्यांदा मर्ल एक खरी गोष्ट बोलली होती. नोलीनला वाटलं, आता हिच्या तोंडून 'चुकलं माझं' निघेल. निघालं असतं तर नोलीनने तिला तिथल्या तिथे क्षमा केली असती, फोडासकट. ती वाट बघत राहिली. मर्लने ओठांना रंग लावला.

बाजारापाशी बस रिकामी झाली. तिथून धक्क्याचं फाटक जवळच. दोघी जमेल तितक्या भराभर निघाल्या, नोलीन टाचेवर भार न देता, मर्ल छाती पुढे काढून, जणू मुद्दाम शेवटी यायचं ठरवून आलेय. मग गोदामाचा कोपरा वळला आणि समोर जहाज आलं. पांढरंशुभ्र, चाळीच्या चाळी एकावर एक रचल्यासारखं. शिडी अजून लावलेली होती. शिडीपाशी दोन खलाशी घड्याळ बघत उभे होते. आणि वर, सातव्या मजल्यावर, कठडा माणसांनी भरलेला. पेले चमकत होते. कोपऱ्यातल्या जागेवर, मर्लच्या जागेवर, ग्लेनिसची जांभळी टोपी होती.

त्यांना अजून कुणी पाहिलं नव्हतं. मर्लने नोलीनला दंडाला धरून गोदामाच्या भिंतीआड मागे खेचलं.

"मर्ल, चल! शिडी काढतील!"

"एक मिनिट. नाही काढत. आपल्या कार्डांची परत आल्याची नोंद झालेली नाही, त्यांना माहीत आहे. दहा मिनिटं थांबतात, मी ओळखते त्यांना." तिचा श्वास फुलला होता, कपाळावरून घाम ओठांच्या रंगात उतरत होता. पण डोळे पुन्हा नेहमीसारखे झाले होते, युक्तीचे. वरून कुणीतरी शिट्टी वाजवून बघितली, तयारीची. तशी मर्ल दचकली.

"ऐक माझं," ती म्हणाली. आवाज इतका मऊ होता की नोलीनला क्षणभर नवऱ्याचीच आठवण झाली. भावंडांचा आवाज एकच. "तू माझ्या भावाची बायको. आपल्यात परकं काय? तुला तिथे कोण ओळखतंय. तू पहिल्या खेपेची, तुला सगळे माफ करतील, हसतील आणि विसरतील. मला नाही विसरणार. घरी परत जावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही, नोल."

"काय हवंय तुला?"

मर्लने आतला पट्टा बाहेर काढला, ब्लाउजवर नीट सरळ केला, आणि नोलीनचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"वर गेल्यावर सांग, घड्याळ तुझं चुकलं. आणि आता फाटकातून शिडीपर्यंत, तुला लागलंयच तर, जरा जास्त लंगड."